अडतीस विरुद्ध तेरा

एखाद्याला शिवी तर द्यायची, पण ती चारचौघांत सभ्य दिसायला हवी, अशी अडचण आली की आमच्याकडे एक हुकमी शब्द आहे : मवाळ. आमचे शेजारी नाना हा शब्द फार सढळ हाताने वापरतात. नाना कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झाले. बोलण्यातली वाफ मात्र अजून कमी झालेली नाही. गेल्या दिवाळीत चकली मोडता मोडता ते मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्या गोखल्यांचे एवढे गोडवे गाता, पण त्यांनी मिळवले काय हो? जन्मभर कौन्सिलात इंग्रजी भाषणे केली. एक बिल आणले, तेही पडले!"

फराळाला आलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, हा आमच्या घरातला कडक नियम. म्हणून मी चहाचा कप पुढे केला आणि गप्प बसलो. पण ते उत्तर वर्षभर पोटात राहिले आहे. आज ते देतो, आणि एकट्या नानांना देत नाही. हा प्रश्न महाराष्ट्रात घरोघर विचारला जातो.

गोपाळ कृष्ण गोखले म्हटले की आपल्या मुलांना दोनच गोष्टी ठाऊक असतात. ते गांधीजींचे राजकीय गुरू आणि टिळकांचे प्रतिपक्षी. म्हणजे त्यांचा मोठेपणा मोजायचा तो शिष्याच्या मापाने, आणि लहानपणा मोजायचा तो प्रतिस्पर्ध्याच्या मापाने. खुद्द माणूस कोण होता, याची चौकशी कोणीच करीत नाही.

हा माणूस मास्तर होता. ९ मे १८६६ रोजी कोकणात कोतळूक येथे जन्मला. वडील लवकर गेले. थोरले बंधू गोविंदराव कागलला पंधरा रुपयांवर नोकरी करू लागले आणि त्यातले आठ रुपये धाकट्या गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला धाडू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. ज्याचे शिक्षण भावाच्या ताटातून काढलेल्या घासांवर झाले, त्याला शाळेच्या फीचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. पुढे १८८४ साली ते बी. ए. झाले, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि मग फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून खूप चालले. हे अंकगणित लक्षात ठेवा. त्यांची सारी लढाई अंकगणिताचीच होती.

आता नाना विचारतील, "आणि १८९७ ची माफी?" विचारावे. प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी त्यांनी विलायतेत जाहीर आरोप केले; परत आल्यावर पुरावा उभा राहीना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल लोकांनी त्यांना जन्मभर टोचले. माझे मत वेगळे आहे. फळ्यावर लिहिलेले उत्तर सिद्ध करता येत नाही असे दिसल्यावर जो मास्तर ते वर्गादेखत पुसतो, त्याला मी भित्रा म्हणणार नाही. आणि भित्रेपणाचाच हिशेब काढायचा तर १९०१ सालचाही काढा. शेतकऱ्याच्या जमिनीवरील हक्काला कात्री लावणारा कायदा मुंबई कौन्सिलात सरकार रेटू लागले, तेव्हा फिरोजशहा मेहतांच्या पाठोपाठ जे सभात्याग करून बाहेर पडले, त्यांत हे मवाळ गोखलेही होते.

१९०२ साली ते कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात बसू लागले. ही जागा कसली होती हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याच काळात अमेरिकेतील सिनेटरही थेट लोकांच्या मतांवर निवडून येत नसत. राज्यांची विधिमंडळे त्यांना पाठवीत, आणि सरसकट लोकांच्या मतदानाची तरतूद तेथे १९१३ साली झाली. गोखल्यांनाही मुंबई कौन्सिलातील बिनसरकारी सभासदांनीच निवडून पाठवले होते. साम्य येथेच संपते. अमेरिकेच्या सिनेटरच्या मताने कायदा होई किंवा अडे. गोखल्यांच्या मताने काहीच होत नसे, कारण सरकारी सभासदांचे बहुमत आधीच मांडून ठेवलेले असे. खेळ सुरू होण्यापूर्वीच निकाल लागलेला. अशा ठिकाणी गर्जना करणे सोपे असते. आकडे घेऊन जाणे कठीण.

ते आकडे घेऊन गेले. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावरचे त्यांचे पहिले भाषण झाले. तिजोरीत मोठी शिल्लक पडली म्हणून सभागृहात अभिनंदनाचा सूर लागला होता. गोखल्यांनी त्यात सूर मिसळण्यास नकार दिला. नुकताच १८९९-१९०० चा दुष्काळ होऊन गेला होता. आमच्या सोलापूर जिल्ह्याला दुष्काळ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. लोक उपाशी आणि तिजोरी भरलेली, तर ती शिल्लक भरभराटीची नसून जादा करांची आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ साली तो दोन रुपये झाला, १९०५ साली दीड, १९०७ साली एक. एकट्या गोखल्यांमुळे झाला असे मी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षे त्या कराला धरून बसलेला माणूस तोच होता. नाना, गरिबाच्या भाकरीवरच्या मिठाचा कर दीड रुपयाने उतरणे, हे मिळवणे नव्हे काय?

पण तुमचा रोख पडलेल्या बिलावर आहे. त्याकडे येतो.

१९११ साल आमच्या गावाला चांगले लक्षात राहावे असे आहे. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ साली सुरू झालेली अडीच फुटी रुळांची ती छोटी बार्शी लाईट १९०६ साली पंढरपूरला पोचली होती. १९११ साली ती लातूरला पोचली. आमच्या गावाचे पोट रेल्वेने भरले, हे मी कशाला नाकारू? परंतु त्याच काळात एक मास्तर कौन्सिलात उभा राहून म्हणत होता की दरसालची शिल्लक रेल्वेच्या रुळांत ओतता, त्यातले काही मुलांच्या शाळांत घाला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले.

त्यात मागणी तरी केवढी होती? सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची. तीही सगळीकडे नव्हे. जेथे आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत जातात तेथेच, तेही नगरपालिका किंवा लोकल बोर्ड तयार असेल तर, आणि तेही सरकारची परवानगी घेऊन. ज्या बापाची कमाई महिना दहा रुपयांपेक्षा जास्त नाही त्याच्या मुलाला फी माफ. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. आणि सक्तीच्या वयाच्या मुलाला जो कामावर ठेवील त्याला दंड. हे शेवटचे कलम विसरू नका. मला त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

बिलात उणेपणा होता, तो झाकण्याचे कारण नाही. सक्ती प्रथम फक्त मुलग्यांना. मुलींचे पुढे पाहू, असा तो हिशेब होता. आणि ही मागणी पहिलीही नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे बजावले होते. ज्यांनी तेव्हा जोतीरावांचे ऐकले नाही, त्यांतल्या पुष्कळांच्या मुलांनी पुढे गोखल्यांचेही ऐकले नाही.

१८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस वाद झाला. बिल प्रवर समितीकडे पाठवावे, एवढेच गोखल्यांचे मागणे. मदनमोहन मालवीय त्यांच्या बाजूने आणि महंमद अली जिनाही त्यांच्याच बाजूने. पुढे दोन टोकांना गेलेली माणसे त्या दिवशी मुलांच्या पाटी-पेन्सिलीसाठी एका बाजूला बसली होती. विरुद्ध बाजूचे म्हणणे काय? अजून वेळ आलेली नाही. लोकांची मागणी नाही. पैसा नाही. पोरे शाळेत गेली तर शेतावर कोण राबणार? मते मोजली. बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस.

बिल पडणार हे गोखल्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते तेथे उघड सांगितलेही. आपल्या पिढीला देशाची सेवा अपयशातूनच करावी लागणार, अशा अर्थाचे ते बोलले. ज्याला हे रडगाणे वाटते त्याने माझ्या वर्गात एकदा बसून पाहावे. वजाबाकीत हातचा घ्यायला न शिकलेल्या पोराला दहाव्यांदा तीच वजाबाकी घालणाऱ्या माणसाचे ते बोलणे आहे.

आणि वेळ आलेली नव्हती, हे तर धडधडीत खोटे होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ सालीच संस्थानभर सक्तीचे शिक्षण चालू केले होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तेच केले. जपानने तर १८७२ सालीच त्या दिशेने पाऊल टाकले होते. वेळ आली होती. अडतीस जणांना ती नको होती, एवढेच. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरता तसा कायदा करून घेतला. घटनेने दहा वर्षांची मुदत घातली. ती १९६० साली उलटून गेली. २००२ साली घटनादुरुस्ती झाली, २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. हे गणित मांडा. १९१२ मधून २०१०. अठ्ठ्याण्णव वर्षे! पडलेले बिल उभे राहायला चार पिढ्या लागल्या. आणि नाना, उभे राहिले ते तेरांचेच. अडतीसांनी काय मिळवले, हे मात्र कोणी विचारत नाही.

येथे थांबलो असतो तर हा लेख जयंतीच्या दिवशी वाचायला बरा झाला असता. पण मला अजून एक गोष्ट कबूल करायची आहे.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या माढा तालुक्यात उसाच्या तोडी सुरू होतात. मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडे बीडकडून आणि आणखी कोठून कोठून येतात. रस्त्याकडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे आईबाप कोयते घेऊन फडात जातात, आणि कोपीत राहते ती आठ-नऊ वर्षांची पोर, काखेत धाकटे भावंड घेऊन. तिच्या गावच्या शाळेच्या पटावर तिचे नाव आहे, पण तेथे ती नाही. आमच्या पटावर तिचे नाव नाही, आणि येथे ती आहे. दोन हजेरीपटांच्या मधल्या जागेत तिचे अख्खे वर्ष जाते. हंगामी वसतिगृहे निघाली, साखरशाळा निघाल्या. तरी कोपीशी ती पोर दिसतेच. एका हंगामात मी रोज तिच्यावरून शाळेत गेलो. दप्तर वागवीत गेलो. एकदाही थांबलो नाही. थांबून काय विचारायचे, पैसा नाही, मागणी नाही, पोर शाळेत गेली तर धाकट्याला कोण सांभाळणार, असे मीच मला सांगत होतो. एके दिवशी घरी येऊन १९१२ चा तो वाद पुन्हा वाचायला घेतला, आणि माझे शब्द मला तेथे सापडले. तेराच्या बाजूला नव्हे.

म्हणून मी म्हणतो की ते अडतीस जण मेलेले नाहीत. ते कलकत्त्याहून निघून आपल्याकडे मुक्कामाला आले आहेत. २०२३ साली महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोडून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा "बरोबरच आहे, चार पोरांसाठी मास्तर कशाला?" असे कट्ट्यावर म्हणणारे आपलेच लोक होते. कायद्याने आपली बाजू घेतली. आपण मात्र अजून विरुद्ध मत देतो. हात वर करावा लागत नाही. नुसते रस्त्याने पुढे गेले तरी मत नोंदले जाते.

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गेले, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी. त्यांच्या चितेपाशी उभे राहून टिळकांनी त्यांचा गौरव केला. त्या दोघांचे भांडण तेथे मिटले. आपणच ते शंभर वर्षे पुढे चालवीत आहोत, कारण मवाळ की जहाल हा वाद घालायला काही खर्च येत नाही. कोपीपाशी थांबायला येतो.

या दिवाळीत पुष्कळ घरांतून त्या कोप्यांवर फराळ जाईल. चांगली गोष्ट आहे. चिवडा-लाडवांनी पोरांची तोंडे गोड होतील. पण पुडा देताना एवढे विचारा, "बाळ, कितवीला? शाळा कोणती?" उत्तर आले नाही तर तिला जवळच्या शाळेत घेऊन जा. कायदा सांगतो की वर्ष मध्यावर आले तरी प्रवेश द्यावा, जन्माचा दाखला नाही म्हणून किंवा जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून मुलाला परत लावू नये, आणि वयाला साजेशा वर्गात बसवावे. मास्तरांनी कुरकुर केली तर त्यांना हे ऐकवा. मीही मास्तरच आहे, मलाही ऐकवा.

आणि नाना, यंदा फराळाला या. चकल्या झाल्या की आपण दोघे तोडीवर जाऊ. तुमच्याकडे मोटारसायकल आहे, माझ्याकडे प्रवेशाचे कोरे अर्ज आहेत.