स्पर्धेचे सोंग

१९९९ साली विमाधंदा खाजगी भांडवलाला खुला केला तेव्हा आपल्याला सांगितले गेले की, स्पर्धा आली म्हणजे हप्ता उतरेल. ही स्पर्धा तिच्या माहेरी, अमेरिकेत, कशी नांदते ते पाहा.

मार्श ही विमा-दलालीतील जगातली सर्वांत मोठी कंपनी. ग्राहकाने तिला फी द्यायची. तिने निरनिराळ्या कंपन्यांचे दर मागवून स्वस्त विमा मिळवून द्यायचा. १४ ऑक्टोबर २००४ रोजी न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी तिच्यावर दावा लावला. आरोप असा की, धंदा कोणाला द्यायचा हे मार्श आधीच ठरवी आणि बाकीच्या कंपन्यांकडून मुद्दाम चढ्या दराच्या खोट्या निविदा घेई. वर विमा कंपन्यांकडून जादा कमिशन! म्हणजे वकील आपला आणि पाकीट समोरच्याचे. एआयजीच्या दोन अधिकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. (हीच एआयजी २००१ साली टाटांचा हात धरून आपल्याकडे उतरली.) जानेवारी २००५ मध्ये मार्शने ग्राहकांना ८५ कोटी डॉलर द्यायचे मान्य करून दावा मिटवला.

आपल्या सरकारी कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असे नाही. केरळच्या आरोग्य विम्याच्या निविदेत संगनमत केल्याबद्दल चौघींना २०१५ साली स्पर्धा आयोगाने ६७१ कोटींचा दंड केला; अपिलात तो पुष्कळ घटला, संगनमत मात्र शाबीत राहिले. पण त्यांचा जाब संसदेत विचारता येतो. दलालाचा कोठे विचारणार?

गट विम्याचा कागद घेऊन तो युनियन ऑफिसात आला, तर हप्ता विचारण्याआधी कंपनीकडून त्याला काय मिळते ते लेखी मागा.