आराखडा आपला, पण दप्तर कोणाचें ?

विहिरीवरील मोटार मोबाइलवरून चालू करणारी पेटी, जमिनींतील ओल दाखविणारें यंत्र, कांद्याच्या चाळींतील उष्णता नोंदणारें उपकरण, अशा वस्तु घरच्या घरीं जुळविण्याची हौस शेतकरी कुटुंबांतील तरुणांस, आणि कांहीं प्रौढांसही, लागली आहे. ही हौस स्तुत्य आहे. प्रथम सुट्या तारा जोडून काम भागतें. पण शेतांतील धूळ, ओल व हादरे यांपुढें त्या टिकत नाहींत, आणि मग तांब्याच्या रेघांचा सर्किट बोर्ड करवून घ्यावासा वाटतो. तेथें पहिला प्रश्न येतो तो हा कीं, त्याचा आराखडा कोणत्या सॉफ्टवेअरवर काढावा ?

बहुतेक लोक जें सोपें दिसेल किंवा मित्र सांगेल तें घेतात. आमच्या मतें पहिली कसोटी निराळी आहे : आज काढलेला आराखडा दहा वर्षांनीं आपणांस कोणाच्या परवानगीवांचून उघडतां येईल काय ? आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. शंभर वर्षांपूर्वींचा मोडी कागद आजही जाणकारास वाचतां येतो, कारण तो वाचण्यास परवाना लागत नाहीं.

ईगल या सॉफ्टवेअरचें उदाहरण घ्या. जर्मनींतील कॅडसॉफ्ट कंपनीनें तें १९८८ सालीं काढलें. हौशी लोकांत तें फार प्रिय झालें. कारण दोन थरांचा, ८० चौरस सेंटिमीटरपर्यंतचा बोर्ड त्यावर फुकट काढतां येई, आणि मोठ्या कामासाठीं एकदां पैसे भरले कीं ती आवृत्ति आपली होई. २०१६ सालीं ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीनें तें विकत घेतलें, आणि २०१७ पासून वर्गणीची पद्धति आली. नव्यानें येणारास मालक होण्याची वाट बंद होऊन खंडकरी होणें तेवढें उरलें. पुढें २०२३ सालीं कंपनीनें जाहीर केलें कीं, ७ जून २०२६ पासून ईगल मिळणार नाहीं, तें काम तिच्याच फ्यूजनमध्यें करावें. आपली वस्तु कशी विकावी हा कंपनीचा हक्क आहे. पण तिच्या भरंवशावर आपलें दप्तर ठेवावें कीं नाहीं, हें ठरविण्याचा हक्क आपला आहे.

चीनमधील ईझीईडीए ब्राउझरमध्यें चालतें, नवख्यास लौकर समजतें, आणि सुट्या भागांच्या दुकानाशीं व बोर्ड बनविणाऱ्या कारखान्याशीं त्याचा सांधा जुळलेला आहे. एखादाच लहान बोर्ड करून पाहावयाचा असेल, तर आम्ही त्यास नांवें ठेवणार नाहीं. मात्र त्याच्या नेहमींच्या पद्धतींत आराखडा कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. धान्य दुसऱ्याच्या वखारींत असल्यावर पावती तरी आपल्या पेटींत हवी. म्हणून त्याची प्रत वेळोवेळीं उतरवून घ्यावी.

आमचा कौल किकॅडकडे आहे. फ्रान्समधील जाँ-पिएर शारास यांनीं तें १९९२ सालीं सुरू केलें; पुढें सर्न या संशोधनसंस्थेनें त्याच्या वाढीस मोठा हातभार लावला. तें फुकट मिळतें ही गोष्ट दुय्यम आहे. खरा गुण हा कीं, त्याची मूळ आज्ञावली खुली आहे, आणि आराखडा साध्या मजकुराच्या फाइलींत आपल्याच संगणकावर राहतो. मूळ मंडळी थकली तरी दुसरे कोणी तें काम पुढें चालवूं शकतात. ईगलमधील जुने आराखडेही २०१८ च्या पांचव्या आवृत्तीपासून त्यांत घेतां येतात.

किकॅड शिकण्यास वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक भागाची खूण वेगळी आणि त्याच्या पायांचा ठसा वेगळा. त्यांची जोड आपण लावावयाची. ठसा चुकला तर तयार बोर्डावर तो भाग बसतच नाहीं. शिवाय नव्या आवृत्तींत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तींत उघडत नाहीं. पण हे कष्ट एकदांचे आहेत. परक्याच्या दप्तराची चिंता कायमची असते.

कोणतेंही सॉफ्टवेअर निवडा, परंतु तीन गोष्टी आपल्यापाशीं ठेवा : मूळ फाइल, सर्किटाच्या चित्राची छापील प्रत, आणि गर्बर फाइली. गर्बर म्हणजे बोर्डाच्या प्रत्येक थराचा जणूं मोजणी-नकाशा; त्यावरून बहुतेक कारखाने तसाच बोर्ड पुन्हा करून देतात. त्यांत बदल करावयाचा झाल्यास मात्र मूळ फाइलच लागते.

ऐन पाण्याच्या पाळीला बोर्ड जळाला, तर नवा करवून घेण्यास आठ-पंधरा दिवस जातातच. त्यांत आपलाच आराखडा उघडण्यासाठीं दुसऱ्याच्या दारीं उभें राहण्याची पाळी येऊं नये, एवढीच आमची सुज्ञ वाचकांस विनंती आहे.