विश्लेषण : कुत्र्या-मांजरांच्या मधुमेहावर ‘हर्बल’ पावडर चालते का?

गुडमार, कारलं, मेथी, जांभळाच्या बिया. माणसांच्या मधुमेहासाठी घरोघरी ठाऊक असलेली ही नावं आता पाळीव प्राण्यांच्या ड्रॉप्स आणि पावडरींवरही दिसतात. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ असं म्हणून ती घेतलीही जातात. पण कुत्र्याचा मधुमेह आपल्यासारखा असतो का?

बहुतेकदा नाही. माणसांमध्ये सर्रास आढळणाऱ्या टाइप 2 मधुमेहात इन्सुलिन तयार होतं, पण पुरेसा परिणाम करत नाही. कुत्र्यांमध्ये मात्र इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच बहुतांशी नष्ट झालेल्या असतात. गुडमार या पेशींना चालना देते असं मानलं जातं. पण पेशीच उरल्या नसतील तर चालना कुणाला देणार? म्हणून कुत्र्याला जवळपास नेहमीच आयुष्यभर, सहसा दिवसातून दोनदा, इन्सुलिन द्यावं लागतं. पावडरीच्या भरवशावर ते थांबवलं, तर रक्तात कीटोन साचून काही दिवसांतच जिवावर बेतू शकतं.

मांजरांचं काय?

त्यांचा आजार टाइप 2 च्या जवळचा. लवकर सुरू केलेलं इन्सुलिन आणि कमी कर्बोदकांचा आहार यामुळे काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही. गोंधळ इथेच होतो : त्याच काळात पावडर चालू असेल, तर श्रेय तिला मिळतं. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर 2022 मध्ये बेक्साकॅट ही गोळी मंजूर केली, तीही फक्त आधी इन्सुलिन न घेतलेल्या, एरवी निरोगी मांजरांसाठी. चाचण्या झालेल्या औषधाला एवढ्या अटी, पावडर मात्र सरसकट सगळ्यांना!

माणसांची ‘शुगर-फ्री’ सिरप कुत्र्याला देणं तर आणखी धोक्याचं. त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याची साखर झपाट्याने कोसळते, यकृतही निकामी होऊ शकतं.

कायदा काय सांगतो?

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, 1954 च्या अनुसूचीत मधुमेह आहे आणि त्यातल्या ‘औषधा’च्या व्याख्येत प्राण्यांसाठीची औषधंही येतात. त्यामुळे ‘मधुमेह बरा करतो’ अशी जाहिरात प्राण्यांच्या बाबतीतही चालत नाही. ‘साखर संतुलित ठेवण्यास मदत’ अशी मोघम वाक्यं डब्यांवर दिसतात ती उगाच नव्हे.

पावडर आधीच सुरू असेल तर डबा घेऊनच पशुवैद्यांकडे जा. इन्सुलिनचा डोस स्वतःहून बदलू नका. आणि मधुमेही कुत्री मादी असेल, तर तिच्या नसबंदीबद्दल जरूर विचारा. माजानंतरच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम घटतो, आणि त्यावर कोणत्याही पावडरीपेक्षा ही शस्त्रक्रिया उपयोगी पडते.