फोन बदलताना मोडेम पाहा

मोबाइल फोनच्या आत मोडेम असतोच. त्याशिवाय फोनला टॉवरशी संपर्क साधता येत नाही. डेटा रेडिओलहरींवर चढवून पाठवणे आणि आलेल्या लहरींतून तो पुन्हा वेगळा काढणे हे त्याचे काम. लॅपटॉपला इंटरनेट पुरवताना फोन याच मोडेमची वाट दुसऱ्या यंत्राला खुली करून देतो. याला टेथरिंग म्हणतात; वाय-फायवरून केले की हॉटस्पॉट. नवा फोन घेताना कॅमेरा, स्क्रीन आणि मेमरीची बारकाईने चौकशी होते, मोडेमची क्वचितच होते. फायबरची तार अजून न पोचलेल्या गावात किंवा वर्ष-दोन वर्षांसाठी भाड्याने घेतलेल्या खोलीत फोन हाच लॅपटॉपचा एकमेव मोडेम असतो. तिथे ही चौकशी सर्वांत आधी व्हायला हवी.

फोनला लॅपटॉप जोडण्याची सोय स्मार्टफोनपेक्षा बरीच जुनी आहे. भारतात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली आणि विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ ऑगस्टला. मात्र या दोन सेवा एकमेकींना भेटायला काही वर्षे लागली. जीएसएमच्या आरंभीच्या पद्धतीत डेटा साध्या कॉलसारखाच जाई आणि त्याचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट असे. पुढे जीपीआरएस आले, मग एज आले. २००३ मध्ये रिलायन्सचे सीडीएमए फोन घरोघरी पोचले, तेव्हा त्यांच्यासोबत डेटा केबल घेऊन संगणकावर इंटरनेट चालवणारा मोठा वर्ग तयार झाला. केबल जोडायची, संगणकाच्या डायल-अप खिडकीत #७७७ हा क्रमांक लावायचा. जीएसएम फोन असेल तर *९९#. हा क्रमांक कुठे वाजत नसे. फोनला डेटाची जोडणी सुरू करायला सांगणारी ती खूण होती. संगणकाच्या लेखी समोरचे यंत्र म्हणजे टेलिफोन लाइनवरचा मोडेमच होता. १९८१ च्या हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमसोबत आलेली, 'एटी' या अक्षरांनी सुरू होणारी आज्ञावली हे फोनही पाळत. आजच्या फोनमधल्या मोडेमलाही ती कळते.

त्या काळातला वेग आकड्यांत मांडला की नीट समजतो. एक मेगाबाइटची फाइल उतरवायला ९.६ किलोबिटच्या वेगाने जवळपास चौदा मिनिटे लागत. जीपीआरएसवर प्रत्यक्षात चाळीसेक किलोबिट मिळाले तर सव्वातीन मिनिटे आणि एजवर एकशेवीस मिळाले तर एक मिनिटाहून थोडे जास्त. पैशाचाही हिशोब होताच. दर १० केबीला १० पैसे हा दर कित्येक वर्षे प्रचलित होता, म्हणजे एका मेगाबाइटला सुमारे दहा रुपये. शिवाय बहुतेक जीपीआरएस फोनमध्ये कॉल आला की डेटा थांबे.

केबलची जागा आधी इन्फ्रारेडने आणि मग ब्लूटूथने घेतली. खरा बदल मात्र फोन स्वतःच वाय-फायचे केंद्र बनला तेव्हा झाला. २००८ च्या सुमारास नोकियाच्या एस६० फोनवर जोइकूस्पॉट नावाचे अॅप हे काम करू लागले. मे २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ मध्ये यूएसबी टेथरिंग आणि हॉटस्पॉट मूळ व्यवस्थेतच आले. आयफोनवर वाय-फाय हॉटस्पॉट मार्च २०११ मध्ये, आयओएस ४.३ सोबत मिळाला. मधल्या काळात डोंगलचा जमाना होता. फोटॉन, नेटसेटर ही नावे घराघरांत परिचयाची झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४जी सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि वेगळ्या डोंगलची गरज बहुतेकांपुरती संपली.

आजचे टेथरिंग डायल-अपसारखे चालत नाही. फोन आता राउटरची भूमिका घेतो. मोबाइल कंपनीकडून फोनला एक आयपी पत्ता मिळतो; फोन लॅपटॉपला स्वतःचा एक खासगी पत्ता देतो आणि दोहोंमध्ये अदलाबदल करत राहतो. वाड्यात बिऱ्हाडे अनेक असली तरी पोस्टमनसाठी पत्ता एकच असावा, तशी ही रचना आहे. म्हणूनच एका फोनवर लॅपटॉप, टॅब आणि मुलांचा फोन एकाच वेळी चालू शकतात, आणि सगळ्यांचा वापर एकाच सिमच्या डेटातून वजा होतो. हॉटस्पॉटचा पासवर्ड सोपा ठेवू नये, त्याचे हेही एक कारण: कोणीही जोडले गेले तरी इंटरनेटवर दिसते ती त्या सिमधारकाचीच जोडणी.

फोन आणि लॅपटॉप जोडण्याचे मार्ग तीन: यूएसबी केबल, वाय-फाय आणि ब्लूटूथ. त्यांतला केबलचा मार्ग फारसा वापरला जात नाही. खरे तर टेबलावर बसून तासन्‌तास काम करायचे असेल तर तोच उत्तम. फोन चार्ज होत राहतो, वाय-फायचे प्रसारण बंद असल्याने तो कमी तापतो आणि शेजारच्या राउटरांचा अडथळा येत नाही. साध्या यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. प्रत्यक्षात मिळणारा वेग त्याहून बराच कमी असला, तरी ४जीच्या रोजच्या वापरासाठी तो पुरून उरतो. अडचण बहुधा केबलमध्ये निघते. स्वस्त केबलींमध्ये कधी कधी फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. मग फोन चार्ज होतो, पण टेथरिंगचे बटण काही केल्या उजळत नाही. विंडोज आणि लिनक्स अँड्रॉइड फोनला केबलवरून सहज ओळखतात. मॅकवर मात्र अनेक अँड्रॉइड फोन केबलने चालत नाहीत, तिथे वाय-फायच वापरावे लागते.

वाय-फायवर मुख्यतः २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. मुंबई-पुण्यातल्या इमारतींमध्ये २.४ च्या पट्ट्यात इतकी गर्दी असते की फोनला टॉवरकडून चांगला वेग मिळत असूनही लॅपटॉपपर्यंत तो पोचत नाही. दोष मोबाइल कंपनीला दिला जातो आणि कारण घरातच असते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ निवडल्यावर हा त्रास पुष्कळदा संपतो. या पट्ट्याची पोच कमी, पण एका खोलीपुरती भरपूर. ब्लूटूथचा वेग फारच कमी आहे. ईमेलपुरते काम असेल आणि बॅटरी वाचवायची असेल तरच तो कामाचा.

फोन बदलण्याचा निर्णय मोडेमपासूनच तपासायला हवा. पहिला प्रश्न हा की फोन बदलायची गरज आहे का. मोडेम ज्या प्रणालीवर चालतो तिचेही अपडेट येतात आणि कधी कधी तेवढे पुरते. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली तेव्हा नव्या आयफोनमध्ये त्यासाठीचे सगळे भाग आधीपासून होते. पण सेवा प्रत्यक्ष मिळाली ती डिसेंबरमध्ये आलेल्या आयओएस १६.२ नंतर. तेवढ्यासाठी नवा फोन घेतला असता तर तो खर्च वाया गेला असता.

बदलायचाच असेल तर जाहिरातीतल्या '५जी' या दोन अक्षरांवर थांबू नये. तपशीलपत्रात बँडची यादी वाचावी. आपल्याकडे ४जी मुख्यतः ३, ५, ८, ४० आणि ४१ या बँडवर चालते. ५जीचा मोठा भार एन७८ वर, म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. जिओने २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही घेतला, तो एन२८. कमी कंपनसंख्येच्या लहरी दूर जातात आणि भिंतीतून आत शिरतात, जास्त कंपनसंख्येच्या लहरी वेग देतात पण भिंतीशी अडखळतात. कोकणातल्या दरीत किंवा माणदेशातल्या विरळ वस्तीत ५, ८ आणि एन२८ हे बँड फोनमध्ये असणे त्यामुळे फार महत्त्वाचे ठरते. जिओचे ५जी ४जीच्या आधाराविना स्वतंत्रपणे चालणारे आहे, तेव्हा फोनमध्ये त्या प्रकाराची सोय आहे की नाही हेही पाहावे लागते. परदेशातल्या नातेवाइकांकडून फोन मागवताना तर दुप्पट सावध राहावे. काही फोन तिथल्या एकाच कंपनीशी बांधलेले असतात, आणि आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये सिमकार्डाची खाचच नाही; केवळ ई-सिम चालते.

दोन सिमच्या फोनबद्दल दुकानात कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. अनेक फोनमध्ये डेटा पहिल्या सिमवर चालू असताना दुसऱ्या सिमवर कॉल घेतला की डेटा थांबतो. हॉटस्पॉटवर ऑनलाइन परीक्षा किंवा मुलाखत चालू असताना असे झाले तर होणारे नुकसान भरून येत नाही. व्होल्टीमुळे, म्हणजे ४जीवरूनच होणाऱ्या कॉलमुळे, एकाच सिमवर कॉल आणि डेटा बरोबर चालतात, पण दुसऱ्या सिमची हमी त्यात नाही. कॉलदरम्यान डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याची सोय काही फोनमध्ये असते. ती चालू करावी, नसेल तर महत्त्वाच्या कामावेळी दुसरे सिम बंद ठेवावे.

टेथरिंगमध्ये डेटा किती जातो याचा अंदाज फोनच्या सवयीवरून येत नाही. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने चालणारी व्हिडिओ बैठक येणारे आणि जाणारे चित्र धरून ताशी ९०० एमबी घेते. रोज १.५ जीबीची योजना पावणेदोन तासांच्या आत संपते. मग अनेक योजनांत वेग ६४ किलोबिटवर येतो, म्हणजे एका मेगाबाइटला दोन मिनिटांहून अधिक. जीपीआरएसच्या काळातली पाने या वेगावर उघडत. आजची उघडत नाहीत. यात भर घालतो तो लॅपटॉप. वाय-फाय दिसले की त्याला ते घरातले ब्रॉडबँड वाटते. तो अपडेट उतरवतो, फोटो क्लाउडवर चढवतो. विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' आणि मॅकमध्ये 'लो डेटा मोड' ठरवून दिले की ही गळती बरीच थांबते. टेथरिंग शिकवताना हे सेटिंग पहिल्याच दिवशी शिकवले पाहिजे.

फोन मोडेम म्हणून वापरताना एक फायदा विसरला जातो: मोडेम आणि लॅपटॉप एकाच जागी असण्याची गरज नाही. पत्र्याच्या छपराखाली किंवा जाड भिंतीच्या घरात फोन खिडकीत ठेवून लॅपटॉप आत ठेवता येतो. जागा निवडताना सिग्नलच्या दांड्या मोजण्यापेक्षा फोनच्या सेटिंगमधला सिग्नलचा डीबीएममधला आकडा पाहावा. ४जीमध्ये उणे ९० च्या आसपास असेल तर चांगले. उणे ११० च्या खाली गेला तर जागा बदलणे बरे. ५जी अधूनमधून येत-जात असेल तर फोन ४जीवर बांधून ठेवावा, जोडणी स्थिर राहते आणि बॅटरीही टिकते. खिडकीतले ऊन मात्र टाळावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात चार्जिंग, ५जी आणि हॉटस्पॉट ही तिन्ही कामे एकदम करणारा फोन इतका तापतो की स्वतःच वेग कमी करतो.

नवा फोन आल्यावर जुना अदलाबदलीत किरकोळ रकमेला देऊन टाकण्याची रीत पडली आहे. त्यापेक्षा तो घरचा कायमचा मोडेम करणे पुष्कळ घरांसाठी अधिक शहाणपणाचे आहे. स्क्रीनला तडा गेला असला, कॅमेरा बिघडला असला तरी मोडेम धडधाकट असू शकतो. त्यासाठी फोन रीसेट करावा, बँकेची अॅप्स त्यात ठेवू नयेत, कारण जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट मिळणे बंद झालेले असते. बँकेशी जोडलेला क्रमांकही त्यात घालू नये, नाहीतर ओटीपी घरी आणि माणूस बाहेर अशी स्थिती होते; डेटापुरते वेगळे सिम घ्यावे. चोवीस तास चार्जरला लावून ठेवलेली लिथियम बॅटरी फुगू शकते. फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर काम संपल्यावर चार्जर काढावा, आणि पाठीमागचे झाकण उचलले जाताना दिसले की तो फोन त्याच दिवशी वापरातून बाद करून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा.