रिकामी खुर्ची आणि भरलेली मतपेटी

दुभंगलेल्या देशात परक्या मुत्सद्द्यांनी तह घडवला, निवडणूक पार पाडली, की त्यांचे कर्तव्य संपले असे आपण सहज मानतो. कंबोडियाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

१९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या राजवटीत तेथे १५ ते २० लाख माणसे मेली. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजांनी ती राजवट उलथवली. तरीही संयुक्त राष्ट्रसंघातील कंबोडियाची जागा पोल पॉटच्याच प्रतिनिधींकडे राहिली! चीन आणि अमेरिका यांना व्हिएतनामला व त्याच्या पाठीशी असलेल्या सोव्हिएत रशियाला शह द्यायचा होता. परकीय फौजेने बसवलेले सरकार मान्य करू नये, हा आक्षेप पोकळ नव्हता. पण म्हणून मारेकऱ्यालाच मान द्यायचा काय? त्याच वर्षी हवानाच्या परिषदेत अलिप्त राष्ट्रांनी ती खुर्ची रिकामी ठेवली होती. म्हणजे तिसरा मार्ग होता. भारताने तर १९८० मध्ये नॉम पेन्हच्या सरकारला मान्यताच दिली.

शीतयुद्ध ओसरले तेव्हा कुठे ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला करार झाला. राष्ट्रसंघाचे सुमारे २२ हजार सैनिक, पोलीस व कर्मचारी तेथे गेले. ख्मेर रूजने शस्त्रे खाली ठेवली नाहीत, उलट बहिष्कार पुकारला. तरी मे १९९३ मध्ये सुमारे ९० टक्के मतदारांनी मतदान केले. राजपुत्र रणरिद्ध यांच्या पक्षाला ५८ आणि हुन सेन यांच्या पक्षाला ५१ जागा मिळाल्या. परंतु प्रशासन, पोलीस व फौज हुन सेन यांच्या पक्षाच्याच मुठीत होती. तोडगा म्हणून पंतप्रधान दोन नेमले गेले, आणि जगाने समाधानाने मान डोलावली. जुलै १९९७ मध्ये हुन सेन यांनी रणरिद्धांना बळाने दूर केले. २०१७ मध्ये न्यायालयाने प्रमुख विरोधी पक्षच विसर्जित केला. २०१८ मध्ये सर्व १२५ जागा सत्ताधाऱ्यांच्या झाल्या आणि २०२३ मध्ये पंतप्रधानपद पित्याकडून पुत्राकडे गेले.

जीव धोक्यात घालून जनतेने मत दिले. त्या मताची राखण कोण करणार, हे मात्र करार करणाऱ्यांनी पुरते ठरवलेच नाही. तेव्हा मित्रहो, यापुढे कोणत्याही शांतता कराराची वार्ता वाचताना एवढे अवश्य विचारावे : हरलेल्याच्या हातातली बंदूक कोण काढून घेणार आहे?