मदतीच्या पोत्याला मताची अट

२१ डिसेंबर २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एक ठराव आला. जेरुसलेमला इस्राएलची राजधानी मानण्याच्या अमेरिकेच्या निर्णयाविरुद्धचा. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मदत घेणाऱ्या देशांना बजावले होते : खुशाल विरोधात मत द्या, आमचे पैसे वाचतील. तरीही ठरावाच्या बाजूने १२८ मते पडली, विरोधात फक्त ९. अमेरिकी मदत घेणारे इजिप्त आणि जॉर्डन ठरावाच्या बाजूने होते, भारतही होता.

मग धमकी फुसकी ठरली का? जॉर्डनशी तर अमेरिकेने दोनच महिन्यांत पाच वर्षांच्या मदतीचा सामंजस्य करार केला, कारण तिला जॉर्डनची गरज आहे. फटका बसला पॅलेस्टिनी निर्वासितांना. त्यांच्या शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचे ६.५ कोटी डॉलर जानेवारी २०१८ मध्ये रोखले गेले. ऑगस्टअखेर सगळाच निधी बंद झाला. म्हणजे शिक्षा झाली ती ज्यांना आमसभेत मतच नाही त्यांना.

हा चटका आपल्यालाही बसला आहे. १९६५-६६ च्या दुष्काळात भारत पीएल-४८० च्या गव्हावर अवलंबून होता. व्हिएतनामवरील बॉम्बहल्ल्यांवर भारताने टीका केली. त्यामुळे चिडलेले राष्ट्राध्यक्ष जॉन्सन धान्य हात आखडून, महिन्याच्या हिशेबाने सोडू लागले. शेती धोरण बदलण्याचा दबावही त्यामागे होता. रेशनवरची लाल मिलो आपल्या आजी-आजोबांना आठवते. धान्याला उशीर झाला की पहिली चूल विझते ती भूमिहीन मजुराची.

आमच्या पैशावर आमच्याच विरोधकांना का पोसायचे, असे देणारा देश विचारेल. सरकारांना दिलेल्या शस्त्रांवर त्याने जरूर अटी घालाव्यात. पण भाकरी, औषध आणि शाळा यांना मताची अट नको.

राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. आमसभेतही तीच विसंगती आहे. प्रत्येक देशाला एक मत, पण भुकेल्या देशाचे मत पोटाला बांधलेले.

आज भारतही भूतान, नेपाळ, मालदीवला मदत देतो. ती कोणत्या अटीवर देतो, हे आपण विचारत राहिले पाहिजे. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत वाटलेल्या पाकिटाला आपण मदत म्हणत नाही. देशादेशांत वाटलेल्या पाकिटालाही म्हणू नये.