‘१००% प्लेसमेंट’ म्हणजे नक्की किती टक्के? मोफत कोर्सचा आकडा असा वाचा

व्हॉट्सॲपवर हा मेसेज तुम्हालाही आला असेल. दहावी-बारावी पास किंवा नापास, वय १८ ते ३०, दोन महिन्यांचा मोफत कोर्स, सर्टिफिकेट मिळेल, १००% प्लेसमेंट. खाली एका संस्थेचं नाव आणि मोबाइल नंबर. यातले काही मेसेज सरळसरळ फसवणुकीचे असतात, पण सगळे नाही. बऱ्याच खऱ्या आणि चांगल्या संस्थाही अशीच जाहिरात करतात. म्हणून ‘हे खरं की खोटं’ एवढं विचारून भागत नाही. संस्था खरी असली तरी तो टक्का कशाचा आहे, हे वेगळं तपासावं लागतं.

हा विषय आत्ता घ्यायचं कारण म्हणजे कॅगचा अहवाल. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ ला सुरू झाली. तिच्या २०१५ ते २०२२ या काळाची तपासणी कॅगने केली आणि तो अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात दोन गोष्टी आहेत. योजनेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या सुमारे ९५.९१ लाख नोंदींपैकी ९०.६६ लाख नोंदींमध्ये, म्हणजे ९४.५३ टक्के ठिकाणी, बँक खात्याच्या रकान्यात शून्य, ‘एन/ए’ किंवा काहीच नव्हतं. उरलेल्यांमध्येही काही ठिकाणी ‘११११११११११’ किंवा ‘१२३४५६’ असले खाते क्रमांक सापडले. दुसरी गोष्ट, अल्पमुदतीच्या प्रशिक्षणातून आणि विशेष प्रकल्पांतून सर्टिफिकेट मिळालेल्या ५६.१४ लाख जणांपैकी २३.१८ लाखांना नोकरी लागल्याची नोंद आहे. हे प्रमाण साधारण ४१ टक्के होतं.

पहिली गोष्ट सॉफ्टवेअरवाल्याला जास्त खटकते. खाते क्रमांकाच्या जागी सगळे एक टाकले तर फॉर्मने पुढे जाऊच नये, हा नियम कुठलाही फ्रेशर पहिल्या आठवड्यात लिहितो. खातं खरं आहे का हे बघायला ‘पेनी ड्रॉप’ असतो, म्हणजे खात्यात एक रुपया पाठवायचा आणि बँकेकडून आलेलं नाव जुळतंय का पाहायचं. हे तंत्रज्ञान नवीन नाही, महागही नाही. तरी ते बसवलं गेलं नाही, याचा अर्थ माणूस नोंदवला गेला की काम झालं, असं सिस्टिमनेच धरलं होतं.

आता ही झाली सरकारी योजना. स्वयंसेवी संस्थांचं काय?

पैसे तुम्ही देत नाही, मग कोण देतं?

मुंबईतली ‘युवा परिवर्तन’ घ्या. बाळ गंगाधर खेर यांनी १९२८ मध्ये सुरू केलेल्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने शाळा सुटलेल्या मुलांसाठी १९९८ मध्ये हा उपक्रम काढला. १९९९ मध्ये मुंबईत मुलांच्या खेळापासून सुरू झालेली ‘मॅजिक बस’ आज नोकरीसाठीचं प्रशिक्षण देते. ‘प्रथम’ शिक्षणासाठी ओळखली जाते, पण तिचंही व्यवसाय प्रशिक्षणाचं मोठं काम आहे. पुण्यात महापालिकेच्या सहकार्याने ‘लाइटहाउस’ केंद्रं चालतात. नर्सिंग असिस्टंट, रिटेल, हॉटेल, बीपीओ, इलेक्ट्रिशियन, ब्युटी असे कोर्स असतात. वस्तीत घरोघर जाऊन मुलं गोळा करणाऱ्याला संस्थेत ‘मोबिलायझर’ म्हणतात, आणि पहिला फोन बहुतेक वेळा त्याचाच येतो.

हे सगळं फुकट किंवा अगदी कमी फीमध्ये चालतं, कारण पैसा दुसरीकडून येतो. त्याचा मोठा झरा म्हणजे सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी नेटवर्थ, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक जरी लागू असेल, तरी त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. रोजगारक्षम कौशल्यं हा विषय त्या कायद्याच्या यादीतच आहे.

म्हणजे तुम्ही शिकणारे आहात, पण संस्थेचं गिऱ्हाईक म्हणाल तर ती पैसे देणारी कंपनी. यात वाईट काही नाही, पण परिणाम होतोच. कंपनीला मार्चअखेर रिपोर्ट हवा असतो, त्यात एका स्लाइडवर बसणारे आकडे हवे असतात: किती शिकले, किती लागले, डोकी किती, प्रत्येकी खर्च किती. संस्थेतली माणसं कितीही तळमळीची असली तरी जे मोजलं जातं तेच आधी होतं.

टक्का कशाचा?

एक काल्पनिक बॅच धरू. १०० जणांनी नाव नोंदवलं. ८० जणांनी कोर्स पूर्ण केला, ७० जणांना सर्टिफिकेट मिळालं. त्यातल्या ४९ जणांना ऑफर लेटर मिळालं, ३५ जण प्रत्यक्ष कामावर गेले, आणि तीन महिन्यांनी त्या नोकरीत २० उरले.

या बॅचचं प्लेसमेंट किती? ऑफर भागिले सर्टिफिकेट केलं तर ७० टक्के. कामावर गेलेले भागिले सर्टिफिकेट, तर ५० टक्के. तीन महिने टिकलेले भागिले नाव नोंदवलेले, तर २० टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत. पोस्टरवर कोणता छापला जाईल, हे सांगायला नको. आणि ‘१००%’ लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा ते ‘१००% प्लेसमेंट सहाय्य’ असतं. शेवटचा शब्द लहान टाइपात असतो. सहाय्य म्हणजे इंटरव्ह्यूला पाठवू, एवढंच.

डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी नोकरी हा फक्त ‘हो/नाही’ असा रकाना असतो. खरं तर तिला तारखा लागतात: कधी लागली, कधी सुटली, पहिल्या महिन्यात हातात किती आले. काही योजनांनी हे आधीच ओळखलं होतं. ग्रामीण तरुणांसाठी २०१४ मध्ये आलेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत नुसतं ऑफर लेटर धरत नाहीत, ठरावीक किमान पगारावर तीन महिने काम झालेलं दाखवावं लागतं.

तीन महिन्यांनी पोरं कुठे जातात?

‘आजकालच्या पोरांना टिकायलाच नको’ हे उत्तर मी जॉब फेअरमध्ये फार ऐकतो. मला ते आळशी उत्तर वाटतं. पगाराची स्लिप उघडून बघू.

समजा मेळाव्यात सांगितलं, ‘महिना १५,००० सीटीसी’. सीटीसी म्हणजे कंपनीला पडणारा खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि त्यावरचं शुल्क धरून साधारण १३ टक्के, आणि ईएसआयचे ३.२५ टक्के आधीच मोजलेले असतात. सगळा पगार बेसिकच धरला तर स्लिपवरचा ग्रॉस होतो सुमारे १२,९००. त्यातून तुमचा पीएफ १२ टक्के म्हणजे जवळपास १,५५०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे ९७, आणि महाराष्ट्रात पुरुष असाल तर व्यवसाय कर २०० (बायकांना २५,००० पर्यंत माफ आहे). हातात येतात ११,०५० च्या आसपास.

पीएफ हा तुमचाच पैसा आहे, तो वाया जात नाही. पण घरमालक पीएफमधून भाडं घेत नाही. जालना किंवा बीडहून आलेल्या मुलाने पुण्यात कॉट बेसिसवर ३,५०० ची जागा घेतली, मेसचे ३,०००, येण्याजाण्याला १,०००, रिचार्ज आणि बारीकसारीक ५०० धरले, तरी ३,००० उरतात. त्यातून घरी काय पाठवणार? एक आजारपण आलं की हिशोब संपला. शिवाय पहिला पगार महिनाभराने येतो, आणि तोपर्यंतचे भाडं-डिपॉझिट कुठून आणायचं हा प्रश्न कोर्समध्ये कुणी घेत नाही. गावाकडे १०,००० मिळत असतील तर तो मुलगा परत जातो, आणि त्याचं गणित बरोबर असतं.

मुलींचं आणखी वेगळं. फोन भावाचा किंवा वडिलांचा, त्यामुळे संस्थेचा ‘अजून कामावर आहेस का?’ हा फॉलोअप कॉल तिच्यापर्यंत पोचतच नाही. शिफ्ट रात्री नऊला सुटली की घरून नकार. संस्थेच्या शीटमध्ये यातलं काही दिसत नाही, तिथे फक्त ‘ड्रॉपआउट’ असतं. ज्यांचे नंबर बदलले किंवा रिचार्ज संपून बंद पडले, तेही असेच हरवतात. कोर्सनंतरचं ट्रॅकिंग हा या क्षेत्रातला सगळ्यात अवघड तांत्रिक प्रश्न आहे, आणि नवीन ॲप काढून तो सुटत नाही. पीएफचा यूएएन क्रमांक मात्र उपयोगाचा आहे. नंबर बदलला, कंपनी बदलली तरी यूएएन तोच राहतो. स्कॅन केलेल्या ऑफर लेटरपेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का.

टिकलात तरच पैसे

यावर एक मोठा प्रयोग भारतात झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्किल इंडिया इम्पॅक्ट बाँड जाहीर झाला. १.४४ कोटी डॉलरचा निधी, ५०,००० तरुणांचं लक्ष्य, त्यात ६० टक्के मुली आणि महिला. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळासोबत ब्रिटिश एशियन ट्रस्ट आणि इतर देणगीदार त्यात आहेत. प्रशिक्षण देणाऱ्यांमध्ये मॅजिक बसही आहे. यात फक्त नाव नोंदवून भागत नाही. सर्टिफिकेट, नोकरी आणि नोकरीत तीन महिने टिकणं यावर पैसे ठरतात, आणि तपासणी बाहेरची संस्था करते.

मला ही दिशा बरोबर वाटते, पण एक पळवाट उरतेच. टिकण्यावर पैसे मिळणार असतील, तर टिकेल अशाच मुलाला आत घ्यायचा मोह होतो. बारावी पास, शहरात स्वतःचं घर असलेला, थोडं इंग्रजी येणारा. त्याला कोर्सशिवायही नोकरी लागली असती. आकडा सुंदर दिसतो, फरक काही पडलेला नसतो.

हे ओळखायचं कसं? ॲपवाले ए/बी टेस्ट करतात तसंच. अर्ज केलेल्यांतून सोडत काढायची, काहींना कोर्स द्यायचा, काहींना नाही, आणि नंतर दोन्ही गटांची तुलना करायची. पुष्कर मैत्रा आणि सुभा मणी या अर्थतज्ज्ञांनी दिल्लीतल्या वस्त्यांमध्ये हे केलं. ‘सत्य’ आणि ‘प्रथम’ या संस्थांनी बायकांसाठी सहा महिन्यांचा शिवणकामाचा कोर्स घेतला होता. सोडतीत आलेल्या बायका न आलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात कामाला लागल्या, जास्त तास काम करू लागल्या, जास्त कमवू लागल्या, आणि दीड वर्षानेही फरक टिकून होता. म्हणजे असे कोर्स खरंच चालतात. कोर्स अर्धवट का सुटला, याची कारणंही त्यांनी शोधली. त्यात केंद्राचं घरापासूनचं अंतर आणि मुलं सांभाळायला कुणी नसणं ही मोठी होती. घराजवळ वर्ग आणि शेजारी पाळणाघर, हा खर्च देणगीदाराच्या स्लाइडवर चमकत नाही, पण परिणाम तिथेच दिसतो.

फोनवरून काय तपासता येतं

नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवर संस्थेचं नाव शोधा. एप्रिल २०२१ पासून सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते, तो नंबरही विचारता येतो. पण यातून संस्था कागदावर आहे एवढंच कळतं, ती चांगली शिकवते का हे नाही. कोर्स राष्ट्रीय आराखड्यात बसतो का, हे ‘स्किल इंडिया डिजिटल हब’वर बघा.

कोर्सची थोडी फी काही चांगल्या संस्थाही घेतात, त्यात गैर नाही. रीतसर पावती मिळाली पाहिजे. मात्र ‘नोकरी पक्की करायला’, ‘युनिफॉर्म डिपॉझिट’, ‘गेटपास’ अशा नावाने यूपीआयवर पैसे मागितले तर तिथेच थांबा. गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला देऊ नका, आणि जिथे चालेल तिथे आधारची मास्क्ड कॉपीच द्या.

केंद्रावर गेल्यावर टक्का विचारू नका. मागच्या बॅचला किती जण होते आणि सहा महिन्यांनी त्यातले किती कामावर आहेत, हे विचारा. हातात पगार किती आला तेही विचारा. दोन-तीन माजी मुलांशी बोलायचं आहे म्हणून सांगा. चांगल्या केंद्रावरची ताई किंवा सर याला चिडत नाहीत, उलट लगेच फोन लावून देतात. ‘आकडे हेड ऑफिसला आहेत’ असं उत्तर आलं तर दुसरं केंद्र बघून या.

आणि नोकरी लागली तर दोन महिन्यांनी उमंग ॲपमध्ये पीएफचं पासबुक उघडा. स्लिपमधून दर महिन्याला कापलेले पैसे तिथे दिसत नसतील तर आधी एचआरला आणि त्याच दिवशी संस्थेच्या प्लेसमेंट ऑफिसरलाही कळवा. पुढची बॅच त्याच कंपनीत पाठवायची की नाही हे तेच ठरवतात, त्यामुळे तिथून गेलेल्या फोनला जरा वजन असतं.